पैसे बुडाले तर नाहीत ना?

गोष्ट १९९०च्या दशकातली. रायगडच्या किनाऱ्यावरील एका बँक शाखेत मी अधिकारी होतो. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आलेली. होड्या समुद्रात लोटायच्या, म्हणून डिझेल-बर्फासाठी पैसे काढायला कोळीवाड्याची रीघ लागलेली. अशा एका संध्याकाळी संगणकाने दिवसअखेरचा हिशेब नाकारला. पडद्यावर एकच इंग्रजी ओळ : ‘नॉट अ टाइपरायटर’. म्हणजे, हे टंकलेखन यंत्र नव्हे! आमचा टाइपरायटर तर कोपऱ्यात खोळ पांघरून बसला होता.

सकाळी काउंटरवरच्या मावशींनी विचारले, ‘‘साहेब, माझे पैसे बुडाले तर नाहीत ना?’’ मला छातीठोक उत्तर देता येईना.

दुपारी मुंबईहून तंत्रज्ञ आला. डिस्क भरली होती, एवढेच! मग टाइपरायटर कुठून आला? युनिक्स प्रणालीत काम फसले की कारणाचा क्रमांक एका ठरावीक पाटीवर लिहिला जातो. ‘जागा संपली’चा क्रमांक २८. तो वाचून दाखवण्यापूर्वी प्रोग्रॅमने मध्येच चौकशी केली, की समोर टंकयंत्रासारखे टर्मिनल आहे का? ते नव्हते. पाटीवरचा २८ पुसला जाऊन २५ आला : ‘नॉट अ टाइपरायटर’. पहिला आकडा आधी बाजूला जपून ठेवला असता, तर आमची रात्र वाचली असती.

बँकेत चेक परत करताना आम्ही सोबत कारणाची चिठ्ठी देतो. रक्कम अपुरी, सही जुळत नाही, तारीख पुढची. प्रत्येकावर उपाय वेगळा, म्हणून कारण नेमके हवे. प्रोग्रॅमनेही तसेच सांगावे : ‘आजच्या हिशेबाची फाइल लिहिता आली नाही, डिस्कवर जागा नाही. कालपर्यंतच्या नोंदी सुरक्षित आहेत. जुन्या फाइली हलवून पुन्हा प्रयत्न करा.’ यातले दुसरे वाक्य मावशींसाठी.

चुकीच्या संदेशाहूनही वाईट म्हणजे मौन. फाइल लिहिली गेली की नाही हे न पाहताच पुढे जाणारे प्रोग्रॅम असतात. नुकसान फार उशिरा कळते. मौनाची किंमत आपल्या किनाऱ्याला ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहत किनारा गाठलेल्यांनी सांगितले तेव्हा, काही तासांनी, मुंबईला बातमी कळली.

आज मोबाइलवरून पैसे पाठवताना कधी ‘काहीतरी चुकले, नंतर प्रयत्न करा’ एवढेच येते. पैसे गेले की राहिले? पुन्हा पाठवायचे की थांबायचे? आपल्या घरात एखादी मुलगी, सून किंवा जावई प्रोग्रॅम लिहीत असेल, तर रविवारच्या जेवणावर हा विषय जरूर काढा. संदेश लिहिताना काउंटरपलीकडे मावशी उभ्या आहेत असे समजायचे, आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायचे.