त्रिएस्तेचे सान जिओव्हान्नी मनोरुग्णालय

इटलीच्या ईशान्य टोकावरील त्रिएस्ते शहर ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात असताना, १९०८ मध्ये तेथे सान जिओव्हान्नी मनोरुग्णालय सुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतर शहर इटलीकडे आले, आणि १९०४ च्या ज्या इटालियन कायद्याचा अंमल तेथे सुरू झाला, त्यानुसार 'धोकादायक' ठरवलेल्या व्यक्तीला सक्तीने डांबून ठेवता येत असे. १९७१ मध्ये फ्रांको बासाग्लिया संचालक झाले तेव्हा सुमारे १२०० माणसे आत होती. बंद संस्थाच माणसाला अधिक आजारी करते, अशी या मनोविकारतज्ज्ञाची धारणा असल्याने त्यांनी कुलपे काढली, बांधून ठेवणे थांबवले, आणि 'उपचार' या नावाखाली ज्यांच्याकडून साफसफाईसारखी कामे करवून घेतली जात, त्या रुग्णांची सहकारी संस्था उभी राहून त्यांना रीतसर मजुरी मिळू लागली.

या इतिहासातील सर्वांत हृद्य प्रसंग १९७३ मधला आहे. रुग्ण, कलावंत आणि कर्मचारी यांनी मिळून लाकूड व कागदाच्या लगद्याचा प्रचंड निळा घोडा बनवला, आणि आवारातील धुण्याची गाडी ओढणाऱ्या खऱ्या घोड्यावरून त्याला 'मार्को काव्हाल्लो' हे नाव दिले. तो दारातून मावेना, तेव्हा दाराचा भाग तोडून मिरवणूक शहरात नेण्यात आली. मे १९७८ मध्ये संमत झालेल्या १८० क्रमांकाच्या कायद्याने, जो 'बासाग्लिया कायदा' म्हणूनच ओळखला जातो, नवी मनोरुग्णालये उभारण्यास मनाई केली. १९८० मध्ये सान जिओव्हान्नी बंद झाले आणि त्याची जागा वस्त्यांमधील चोवीस तास खुल्या मानसिक आरोग्य केंद्रांनी घेतली. जुन्या आवारात आता विद्यापीठाचे विभाग आणि विस्तीर्ण गुलाबबाग आहे.