माझ्या आवडत्या तीन मैफली

मंडळाच्या कार्यक्रमात "तुमचा आवडता कलाकार कोण?" असं कुणी विचारलं, की मी भीमसेनजींचं नाव घेतो. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आज कबूल करून टाकतो. गेली जवळजवळ पन्नास वर्षं मी ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन बँडचा भक्त आहे!

लांब केस, रंगीबेरंगी टी-शर्ट आणि धूर, एवढीच या बँडची ओळख आपल्या लोकांना असते. पण १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनी २३०० च्या वर कार्यक्रम केले आणि एकासारखा दुसरा केला नाही. तेच गाणं आज दहा मिनिटं, तर उद्या अर्धा तास. आपल्याकडे तोच यमन रोज नवा होतो ना, अगदी तसं.

पहिली मैफल ८ मे १९७७ ची, इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या बार्टन हॉलमधली. मी तिथे नवखा विद्यार्थी. रूममेटनं ओढत नेलं. हॉल कसला, कवायतीची भलीमोठी शेड! ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ते ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये कधी शिरले, कळलंच नाही. जेरी गार्सियाची गिटार एकेक सूर घोळवत होती. मला एकदम सवाई गंधर्व महोत्सव आठवला. शाल पांघरून बाबांच्या शेजारी पहाटेपर्यंत बसायचो, तो. बाहेर आलो तर मे महिन्यात बर्फ पडत होता! पुढे याच कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाची अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहासाठी निवड झाली.

दुसरी मैफल मी फक्त ऐकली आहे. २७ ऑगस्ट १९७२, ऑरेगनमधलं व्हेनेटा. अडचणीत आलेल्या एका डेअरीला मदत म्हणून हा कार्यक्रम झाला. तिकिटं चक्क दह्याच्या लेबलांवर छापली होती! तिथे वाजवलेला ‘डार्क स्टार’ अर्ध्या तासाच्या वर चालतो. हा बँड श्रोत्यांना टेप करू द्यायचा. एकच अट, विकायचं नाही. त्यामुळे कॅसेट पोस्टानं हातोहात फिरायच्या. मला आली ती कितव्या कॉपीची कॉपी होती कोण जाणे. खरखर भरपूर, पण जीव तिच्यातच अडकला.

हे सगळं बाबांना कधी लिहिलं नाही. कर्ज काढून शिकायला पाठवलेला मुलगा रॉक ऐकत हिंडतोय, हे कसं कळवायचं? डेडचा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांकडे शिकला होता, झाकीर हुसेनबरोबर वाजवत होता, एवढं सांगितलं असतं तरी बाबा खूश झाले असते. १९८१ मध्ये ते गेले. मी पुण्याला पोचलो तो दहाव्या दिवशी.

तिसरी मैफल ९ जुलै १९९५ ची, शिकागोच्या सोल्जर फील्डवरची. सोळा वर्षांची मुलगी बरोबर होती. खरं सांगायचं तर कार्यक्रम चांगला झाला नाही. गार्सिया थकला होता, शब्द विसरत होता. मुलगी म्हणाली, "बाबा, यासाठी आणलंत?" शेवटी फिल लेशनं ‘बॉक्स ऑफ रेन’ गायलं. पार्किंगमध्ये एका अनोळखी माणसानं त्या गाण्याची हकीकत सांगितली. लेशचे वडील मृत्युशय्येवर होते; त्यांना गाऊन दाखवायला म्हणून लेशनं ती चाल बांधली. वडिलांना भेटायला जाताना गाडीत तो ते गाण्याचा सराव करायचा.

मी गाडीत बसलो, पण किल्ली फिरवेना. मुलीनं काही विचारलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आजोबांना आवडलं असतं का हो हे?"

महिन्याभरात, ९ ऑगस्टला, गार्सिया गेला. आम्ही पाहिला तो ग्रेटफुल डेडचा शेवटचा कार्यक्रम ठरला. वाजवणं बेताचं, तरी माझ्या यादीत तो पहिला.

बार्टन हॉलचा कार्यक्रम २०१७ पासून सीडीवर मिळतो. माझ्याकडे जुनी कॅसेटही आहे आणि ती वाजवणारा डेकही. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी अवश्य घरी यावं. चहा आमच्याकडून. भीमसेनजींची मात्र शपथ, मध्येच उठायचं नाही!