नव्वद मिनिटांची कॅसेट

जुनी व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवायची, तर झाशीजवळच्या चिरगावात आधी ऋतू बघावा लागतो. पावसाळ्यात फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि खोलीतलं कुठलंच यंत्र धड चालत नाही. जानेवारीत वेगळीच तऱ्हा. गारठलेला हँडीकॅम हीटरच्या खोलीत आणून लगेच चालू केला, की आतल्या ड्रमवर दव धरतं आणि फीत त्याला चिकटते. सोनीच्या कॅमेऱ्यात अशा वेळी थेंबाचं चित्र लुकलुकतं. ते दिसलं की कॅसेट आत घालायचीच नाही, तासभर थांबायचं. मी हे काम फाल्गुनात काढतो.

कॅसेटी येतात झाशीच्या मराठी घरांतून. पेशवाईत इकडे येऊन इथलेच झालेले हे लोक. बोलण्यात निम्मं हिंदी, पण मुंज आणि मंगळागौर सोडलेली नाही. यंदाच्या कॅसेटी एका मावशींच्या. त्यांचे यजमान नव्वदीच्या दशकात चिरगावातच नोकरीला होते आणि त्यांना शूटिंगचा नाद होता.

कॅसेटी एट एमएमच्या. हा प्रकार 1985 साली बाजारात आला. तळहातावर मावणाऱ्या डबीत आठ मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला जेमतेम दोन सेंटिमीटर सरकणारी. एवढ्या सावकाश फितीवर चित्र मावतं कसं? तर तिच्या आड तिरका बसवलेला ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेत असतो. त्यावरची दोन हेडं फितीवर तिरक्या रेघा ओढतात. एक रेघ म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, आणि त्यात अर्धंच चित्र: एकदा विषम ओळी, एकदा सम.

लोक विचारतात, कॅप्चर कार्ड कुठलं घेऊ? मी उलट विचारतो, कॅसेट वाजवणार कशावर? चित्र सुधारतं किंवा बिघडतं ते तिथेच. संगणकाच्या हाती येतं ते जे काय उरलं असेल ते. आणि वाजवणारी यंत्रं आता नवी मिळत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीनं 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती त्यातली शेवटची. माझ्याकडे जुना डिजिटल-एट हँडीकॅम आहे. यातली बरीच मॉडेलं एट एमएमच्या जुन्या कॅसेटीही वाचतात, चित्राचे आकडे कॅमेऱ्यातच करतात आणि फायरवायरच्या तारेनं संगणकाला देतात. तासाला साधारण तेरा जीबी. नव्या लॅपटॉपला ती तार लागतच नाही, म्हणून एक म्हातारा डेस्कटॉप केवळ यासाठी पोसलाय. स्वस्तातली यूएसबी काडी आणि पिवळ्या पिनेनंही काम होतं, पण लाल साडीच्या काठावर ठिपके नाचत राहतात. मला ते सोसत नाही.

कॅसेट आली की पहिल्यांदा तिची लाल खिटी सरकवायची, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. मग पूर्ण पुढे, पूर्ण मागे. वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर त्यानं सुटतात. हेड पुसायचं ते शॅमीच्या कातड्याला अल्कोहोल लावून. कापसाचे तंतू हेडात अडकतात. हे सगळं झालं की मगच प्ले.

त्यानंतर हात बांधून बसायचं. मावशींचा फोन येतोच.

"अरे, झालं का रे? पेनड्राइव्हमध्ये घालून दे ना पटकन."

"मावशी, नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वदच मिनिटं घेते."

"मग तू तिकडे काय करत असतोस?"

बघत असतो. गळलेल्या फ्रेमांचा आकडा वाढतोय का, आवाज ओठांच्या मागे पडतोय का. दोन प्रसंगांमध्ये कोरी फीत सुटलेली असली, की तिथे नुसत्या मुंग्या येतात आणि संगणक गोंधळतो. असा भाग तोडून पुढचं वेगळं उतरवावं लागतं. मध्येच लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. कॅसेटीतल्या चित्रात दूरवर परीछाच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, त्यांच्या कडा थरथरतात. चित्राच्या अगदी तळाशी फाटकी पट्टी दिसते. टीव्ही ती चौकटीआड लपवायचा, संगणक सगळंच दाखवतो. मिरवणुकीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटतात, ती सम-विषम ओळींची करणी. ते दाते काढताना बहुतेक जण सेकंदाला 25 चित्रं ठेवतात आणि निम्मी हालचाल फेकून देतात. 50 ठेवावीत. लेझीम मग लेझमीसारखं दिसतं.

चिरगाव हे हिंदी कवी मैथिलीशरण गुप्तांचं गाव. इथल्या साहित्य सदनाचा पत्ता हिंदी वाचकांनी पुस्तकांच्या पहिल्या पानावर पिढ्यान्‌पिढ्या वाचलाय. त्यांची 'भारत-भारती' 1912 ची. तिची जुनी प्रत उघडायला नुसते डोळे पुरतात. मावशींच्या कॅसेटीचं वय तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि हँडीकॅमचा एक रबरी पट्टा सैल झाला की ती मुकी. त्यामुळे मी फितीवर भरवसा ठेवत नाही, आणि एकाच हार्ड डिस्कवर तर नाहीच.

मावशींना पेनड्राइव्हवर टीव्हीला चालेल अशी लहान फाइल देतो. दातेवाली मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक झाशीत त्यांच्या मुलाकडे. कॅसेटीही परत करतो, "फेकू नका" असं बजावून. "फेकेन कशाला?" त्या म्हणतात. "अजून दोन पिशव्या आहेत, पुढच्या फाल्गुनात घेऊन येते."