मुसीचे विसरलेले तलाव

सप्टेंबर २०२५च्या अखेरीस हैदराबादेत मुसीचं पाणी इमलीबनच्या बस स्थानकात घुसलं आणि प्रवाशांना रातोरात बाहेर काढावं लागलं. स्थानक बांधलंय पात्रातल्या बेटावर, तेव्हा नदीला बोल लावण्यात अर्थ नाही. पण एरवी गटार वाटावी अशा या नदीला एका रात्रीत एवढं पाणी येतं कुठून, हा प्रश्न शहरातल्या कुणालाही पडेल.

मुसी उगम पावते विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात. पुराणातलं तिचं नाव मुचुकुंदा. लंगर हौजला, बापू घाटापाशी ईसी नदी तिला मिळते आणि तिथून पुढे ती शहरात शिरते. पाणलोट सगळा दख्खनचा, खडकाळ. जोराच्या पावसात पाणी मुरतं थोडं, धावतं फार.

२८ सप्टेंबर १९०८च्या पुरात सुमारे १५,००० माणसं गेली असं सांगतात. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेवर दीडशे जण चढून बसले आणि वाचले. ते झाड अजून उभं आहे.

पुरानंतर निजामाने बोलावलं विश्वेश्वरय्यांना. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे बसवणारे हेच ते पुण्यात शिकलेले अभियंते. त्यांचं नाव निघालं की उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) या दोन धरणांचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्यांच्या पाहणीतला एक आकडा जास्त मोलाचा वाटतो. शहराच्या वरच्या ८६२ चौरस मैलांच्या पाणलोटात त्यांना ७८८ तलाव आढळले. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक! त्यातले २२१ त्या पावसात फुटले होते. उतरंडीतलं वरचं मडकं कोसळलं की खालची आपोआप जातात, तसं एका तलावाचं पाणी दुसऱ्याच्या बांधावर आदळत गेलं. हैदराबादवर नुसता पाऊस कोसळला नव्हता. तलावांत अडवलेलं पाणीही एकदम सुटलं होतं. धडधाकट असताना हेच तलाव पूर रोखतात. सांडवा आणि बांध यांची निगा राखली नाही, तर तेच पुरात भर घालतात.

धरणांनी शहराला पाणी पाजलं, पुराला बराच आळा घातला. पण पावसाळा सोडला तर नदीत येणारं स्वच्छ पाणी वरच अडलं. आज शहरातून वाहतं ते मुख्यतः सांडपाणी. त्यावर खाली पॅरा गवताची शेतं पिकतात आणि ते गवत म्हशींपुढे पडतं, म्हणजे मुसी फिरून आपल्या चहात येतेच.

गंमत अशी, की शहर सोडल्यावर ही नदी थोडी सावरते. वाटेत सिंचनासाठी घातलेले बुटके बंधारे आहेत. त्यांच्या मागे पाणी थबकतं, गाळ खाली बसतो, त्याबरोबर जंतांची अंडीही बसतात. ऊन आणि वेळ मिळाला की विष्ठेतले जिवाणू मरतात. संशोधकांनी चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात पाणी तपासलं, तेव्हा ही घट स्पष्ट दिसली. क्षार आणि रसायनं मात्र अशी जात नाहीत, त्यामुळे शुद्धीकरण केंद्रांना सुट्टी देता येणार नाही.

वर तलाव, खाली बंधारे: मुसीचं बरंचसं काम या बिनचेहऱ्याच्या मातीच्या आणि दगडाच्या भिंतींनी केलं. आपण मात्र तलावांवर वसाहती वसवल्या. दोन्ही धरणांभोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामाला लगाम घालणारा १९९६चा आदेशही २०२२मध्ये सैल केला गेला. आता नदीकाठ सुशोभित करायच्या योजना निघाल्या आहेत. काठावर फरसबंदी आणि दिवे लावायला माझी हरकत नाही. पण पहिला पैसा विकाराबादपासूनच्या तलावांच्या सांडव्यांवर पडायला हवा. तो पडत नाही तोवर इमलीबनच्या प्रवाशांनी सप्टेंबरात आकाशाकडे लक्ष ठेवावं.