वही बदलताना

दिवाळीच्या वहीपूजनाला आपल्या पेढीवर दोन वह्या असत. एक नवी, लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि 'शुभ लाभ' एवढेच लिहिलेली. दुसरी सरत्या वर्षाची, बाकी काढून शिल्लक नव्या वहीत ओढून झालेली, दोरीने बांधून माळ्यावर जाण्यास सिद्ध असलेली. जुन्या वहीत पाने उरली आहेत म्हणून तीतच पुढचे वर्ष लिहावे, असे कोणी म्हणत नसे. आणि नवी वही आली म्हणून जुनी रद्दीत घालावी, असे तर कोणाच्या स्वप्नातही येत नसे.

आज भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील भांड्यांच्या, कापडाच्या, किराण्याच्या आणि धान-तांदळाच्या बहुतेक पेढ्यांवर ती वही संगणकात गेली आहे. पूजन पूर्वीसारखेच होते. परंतु वही बदलण्याची ती रीत मात्र संगणकापाशी येऊन विसरली गेली, असे वाटते. त्याची किंमत आमच्या घराने मोजली, म्हणून हा लेख.

आधार संपतो म्हणजे काय होते?

संगणक चालू करताच जी मूळ प्रणाली जागी होते आणि जिच्यावर हिशेबाचा कार्यक्रम, इंटरनेट, छपाईयंत्र असे सारे काही उभे असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडील बहुसंख्य दुकानांत ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. विंडोज 10 ही आवृत्ती 29 जुलै 2015 रोजी बाजारात आली आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी, लक्ष्मीपूजनाच्या अवघ्या आठवडाभर आधी, कंपनीने तिचा नियमित आधार थांबविला. ऑफिस 2016 आणि ऑफिस 2019 या कार्यक्रमांचा आधारही त्याच दिवशी संपला.

त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखाच सुरू झाला, बिले निघाली, विवरणपत्रे भरली गेली. 'चालू तर आहे, मग बदलायचे कशाला?' हा प्रश्न त्यातूनच जन्मतो. थांबते ती फक्त डागडुजी. लक्षावधी ओळींच्या अशा प्रणालीत त्रुटी सापडत राहतात आणि कंपनी दर महिन्याला त्यांवर दुरुस्ती पाठविते. आधार संपल्यावर त्रुटी सापडणे थांबत नाही, दुरुस्ती येणे मात्र थांबते. त्यातही एक मेख आहे. विंडोज 11 साठी दुरुस्ती जाहीर झाली की तिचा अभ्यास करून खिंडार नेमके कोठे होते, हे चोरालाही कळते. दोन्ही आवृत्त्यांचा पाया बराच समान असल्याने तेच खिंडार विंडोज 10 मध्येही असू शकते, आणि तेथे ते कायमचे उघडे राहते.

हे भय कल्पनेतले नाही. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती कंपनीने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते सापडले. विंडोज एक्सपीचा आधार तर 8 एप्रिल 2014 रोजीच संपला होता. हल्ल्यानंतर कंपनीला तिच्यासाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली. पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, 'नॉटपेट्या' हा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून जगभर पसरला. आपल्या महाराष्ट्रात त्याचा फटका उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदराला बसला. तेथे मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणकीय काम कोलमडले आणि मालाची ने-आण खोळंबली. कोठल्या तरी दूरदेशीच्या हिशेबाच्या कार्यक्रमात दोष शिरावा आणि कोकण किनाऱ्यावर कंटेनर अडकून पडावेत, इतके हे जग आता एकमेकांत गुंतलेले आहे.

बँकाही या चालढकलीपासून मुक्त नव्हत्या. एक्सपीचा आधार संपून चार वर्षे झाली तरी देशातील अनेक एटीएम यंत्रे तिच्यावरच चालत होती. अखेर जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सप्टेंबर 2018 पर्यंत किमान पाव यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च 2019 पर्यंत पाऊणपट आणि जून 2019 पर्यंत सर्व यंत्रे आधार असलेल्या प्रणालीवर आणण्याचा आदेश दिला. एका दिवसात सर्व नव्हे, टप्प्याटप्प्याने. ही पद्धत लहान पेढीलाही घेण्याजोगी आहे.

आमच्या पेढीवर घडलेले

वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 रोजी लागू झाला. त्याच पावसाळ्यात भंडाऱ्यातील आमच्या पितळी भांड्यांच्या दुकानात नवा संगणक आला. जिल्ह्यातील कित्येक पेढ्यांवर तो याच निमित्ताने आला असेल. विंडोज 11 ला साधारणतः इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. 2017 च्या मध्यावर घेतलेल्या यंत्रात आठवी पिढी असणे शक्य नव्हते. मेमरी वाढवून किंवा नवी डिस्क बसवून ही अट पुरी होत नाही. थोडक्यात, आमचे यंत्र नव्या आवृत्तीसाठी अपात्र होते.

तरीही ओळखीच्या एका कारागिराने 'युक्तीने बसवून देतो' म्हटले आणि आम्ही होकार दिला. अपात्र यंत्रावर अशी बसविलेली प्रणाली पुढे दुरुस्त्या मिळवील याची हमी कंपनी देत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हते. 'बॅकअप आहे ना?' असे त्याने विचारले. 'रोज घेतो', असे मी छाती पुढे काढून सांगितले. ते खरेही होते. परंतु तो बॅकअप त्याच संगणकाच्या 'डी' विभागात पडत होता. नवी प्रणाली बसविताना त्याने डिस्कवरील सर्व विभाग पुसले. पेनड्राइव्हवर शोधले तेव्हा शेवटची प्रत अक्षय्य तृतीयेची निघाली. मध्ये पाच महिने गेले होते.

पोर्टलवर काय काय सापडते, हे त्या रात्री समजले. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना दिलेली बिले विवरणपत्रात एकेक करून होती. आमची खरेदीही पुरवठादारांच्या विवरणांतून दिसत होती. किरकोळ विक्री मात्र तेथे एकत्रित आकड्यात असते. मोहाडी-पवनीकडच्या खेड्यांतून लग्नसराईत गुंड, परात, घंगाळ नेलेल्या आणि 'धान निघाले की देतो' असे सांगून गेलेल्या घरांची बाकी कोणतेही सरकारी पोर्टल सांगू शकत नाही. ती फक्त आमच्या वहीत होती, आणि वही गेली होती.

वाचविले ते काकाजींनी. संगणक आल्यापासून गेली आठ वर्षे ते गल्ल्यापाशी बसून एका कच्च्या वहीत उधारी टिपून ठेवीत. आम्ही मुले त्यांना हसत असू. त्या वहीवरून तीन आठवडे बसून आम्ही पाच महिने पुन्हा लिहिले. दोन गिऱ्हाइकांची नोंद वहीतही नव्हती. त्या दोघांनी दिवाळीच्या आधी येऊन आपणहून रक्कम सांगितली आणि मोजून दिली. आम्ही त्यांच्यासमोर खाली मान घालून उभे राहिलो.

काकाजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "जुनी वही आपण कधी फाडली होती का रे? आधी बाकी ओढायची, मग जुनी बांधून वर ठेवायची. तुम्ही तर नवी वही आणायच्या आधीच जुनी जाळली."

बदल करण्याची रीत

काकाजींच्या त्या वाक्यातच सारी पद्धत आहे. आम्ही ती दुसऱ्या खेपेस पाळली. वाचकांच्या उपयोगासाठी ती येथे देतो.

पहिले काम मोजणीचे. घरात, दुकानात, गोदामात, गिरणीवर किती संगणक आहेत आणि प्रत्येकात कोणती आवृत्ती आहे, हे एका कागदावर लिहावे. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा विनामूल्य कार्यक्रम यंत्र विंडोज 11 साठी पात्र आहे की नाही, ते सांगतो. पात्र असेल तर अधिकृत विंडोज 10 वरून नवी आवृत्ती विनामूल्य मिळते. परवान्याविना बसविलेली प्रत अनेक दुकानांत असते, हे आपण सारे जाणतो. अचौर्य हे व्रत दुकानाच्या उंबरठ्यावर थांबत नाही, हे ध्यानी घेऊन ती चूकही याच वेळी सुधारावी.

दुसरे काम जोडलेल्या वस्तूंची यादी करण्याचे. अडचण येते ती नेमकी येथे. बिलांचे जुने डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र, राइस मिलवरील धर्मकाट्याला जोडलेला संगणक, डिजिटल सहीचे टोकन, बारकोड वाचक, टॅलीची जुनी आवृत्ती, जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी पत्रे यांपैकी प्रत्येक वस्तू नव्या प्रणालीवर चालेल का, हे आधी विचारून घ्यावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणेही श्रेयस्कर.

तिसरे आणि सर्वांत मोठे काम प्रतींचे. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुकानाबाहेर, म्हणजे घरी किंवा क्लाउडवर. बाहेरची डिस्क काम होताच काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क खंडणीखोर विषाणूही कुलूपबंद करतो. आणि प्रत घेतली म्हणजे काम झाले असे समजू नये. दुसऱ्या संगणकावर ती उघडून कालच्या तारखेची शेवटची नोंद आणि रोकड शिल्लक डोळ्यांनी पाहावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली थैली. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात, हेही विसरू नये.

चौथे, बदल हंगामात करू नये. धानाची आवक, लग्नसराई, विवरणपत्राची अंतिम तारीख हे दिवस टाळावेत. पहिला आठवडा जुने यंत्र तसेच राहू द्यावे, दोन्हीकडील बाकी जुळवावी आणि मगच जुने बाजूला करावे.

तत्काळ खर्च शक्य नसेल त्यांच्यासाठी कंपनीने मुदत दिली आहे. घरगुती वापराच्या विंडोज 10 संगणकांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळू शकतात. त्यासाठी 30 डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे स्थानिक चलन भरावे लागते, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात संगणकाची मांडणी जतन करून ही सोय विनामूल्य घेता येते. व्यावसायिक संस्थांसाठी पहिल्या वर्षी दर यंत्रामागे 61 डॉलर दर आहे. तो दरवर्षी दुप्पट होतो आणि तीन वर्षांनंतर ही सोयही संपते. ही मुदत तयारीसाठी आहे, निश्चिंत झोपण्यासाठी नव्हे. विंडोजमधील विषाणूरोधकाला नव्या विषाणूंची माहिती ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळत राहणार आहे. परंतु पहारेकरी जागा असला तरी पडलेली भिंत तो बांधून देत नाही.

आणखी एक सावधगिरी. 'तुमची विंडोज संपली आहे, आम्ही कंपनीतून बोलतो' असा फोन आला तर ठेवून द्यावा. कंपनी असे फोन करीत नाही. संगणकाचा ताबा देणारा कोणताही कार्यक्रम अशा सांगण्यावरून उतरवू नये. फसवणूक झालीच तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे.

जुन्या यंत्राचे काय?

या बदलामुळे जगभरात सुमारे 24 कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने डिसेंबर 2023 मध्ये वर्तविला होता. चालते यंत्र फेकणे आपल्या संस्कारात बसत नाही, आणि तशी गरजही नाही. लिनक्स ही मुक्त प्रणाली जुन्या यंत्रांवर सुखाने चालते. सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने तिच्यावर आधारित 'बॉस' ही भारतीय प्रणाली भारतीय भाषांच्या सोयीसह तयार केली आहे. टॅलीसारखे कार्यक्रम लिनक्सवर थेट चालत नाहीत, म्हणून हिशेबाचे यंत्र वेगळे ठेवावे. परंतु मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, वाचन यांसाठी ते यंत्र आणखी काही वर्षे सेवा देईल. अगदीच निरुपयोगी झाले तर डिस्कवरील माहिती पूर्ण पुसून ते अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावे. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. फेरीवाल्या भंगारवाल्याकडे गेलेले यंत्र जाळून त्यातील तांबे काढले जाते. तो विषारी धूर कोणाच्या तरी लेकरांच्या छातीत जातो.

आमच्या दुकानात आता नवा संगणक आहे. जुन्यावर लिनक्स आहे आणि तो पुतणीच्या अभ्यासाच्या मेजावर गेला आहे. दर शनिवारी दुकान बंद करताना मी बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतो, घरी येऊन ती उघडतो आणि शिल्लक वाचून दाखवितो. काकाजी आपल्या कच्च्या वहीशी ती ताडून पाहतात. आकडा जुळला की ते मान हलवितात आणि वही मिटतात. आता त्यांना कोणी हसत नाही.