न दिसणाऱ्या पैशांचा हिशेब

शाळेत निघताना आईने हातावर ठेवलेली दहा रुपयांची नोट मधल्या सुट्टीत मोडली, की खिशात नाणी उरत. वडापाव घेतला तर बर्फाचा गोळा नाही, एवढे अर्थशास्त्र त्या नाण्यांच्या खुळखुळाटातून आपोआप शिकले जाई. आज नववी-दहावीतला मुलगा त्याच गाडीवरचा क्यूआर कोड स्कॅन करतो, पिन दाबतो आणि मित्रांत मिसळतो. त्याच्या खिशातून काहीच कमी झालेले नसते.

२०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षीच्या नोटाबंदीने व पुढे करोनाकाळाने या व्यवहारांना रेटा दिला. सोय मोठी आहे, यात वाद नाही. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी होणारी हुज्जत पुन्हा कोणाला हवी आहे? परंतु पैसा हातातून जाताना मनाला जो बारीकसा चिमटा बसतो, तो या सोयीबरोबर बोथट होतो. अमेरिकेतील एमआयटीचे ड्राझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी बास्केटबॉलच्या तिकिटांचा लिलाव करून पाहिला होता. क्रेडिट कार्डाने पैसे भरायचे आहेत असे ज्यांना सांगितले, त्यांनी रोखीवाल्यांच्या सुमारे दुप्पट बोली लावली. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बोली लावणारे व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी होते, म्हणजे हिशेबात कच्चे नव्हेत! क्रेडिट कार्ड ही उधारी आणि यूपीआयमध्ये पैसे लगेच वळते होतात, हा फरक खरा. तरीही पैसा नजरेआड झाला की हात सैल सुटतो, हा अनुभव मोठ्यांनाही आहेच.

मुलांच्या बाबतीत याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. अनेक घरांत मुलांना आई-बाबांचा पिन पाठ असतो. बाबांचे खाते म्हणजे मुलाच्या दृष्टीने तळ नसलेली विहीर. त्यातून वीस रुपये गेले काय आणि दोनशे गेले काय, पाणी उतरलेले त्याला दिसतच नाही. म्हणून मुलाच्या हाती स्वतःची, छोटी आणि संपणारी रक्कम देणे अधिक शहाणपणाचे.

त्यासाठी आज मार्ग उपलब्ध आहेत. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बचत खाते स्वतः उघडून चालवता येते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये याविषयीचे नियम सुधारून दिले. रकमेची मर्यादा बँक ठरवते आणि शिलकीपेक्षा जास्त पैसे अशा खात्यातून काढता येत नाहीत. ऑगस्ट २०२४ पासून ‘यूपीआय सर्कल’ ही सोयही आहे. तिच्यात मूळ खातेदार घरातल्या व्यक्तीला आपल्या खात्यातून खर्चाची मुभा देतो. अंशतः मुभा दिली, तर प्रत्येक व्यवहाराला खातेदाराची मंजुरी लागते. पूर्ण मुभा दिली, तर ठरवलेल्या मासिक मर्यादेत ती व्यक्ती स्वतः पैसे देऊ शकते. या मर्यादेची कमाल पंधरा हजार रुपये असली, तरी आपण पाचशेही ठरवू शकतो.

सुरुवातीचे काही आठवडे अंशतः मुभा ठीक. मात्र प्रत्येक समोशाला आईचा होकार लागत राहिला, तर निर्णय आईचाच राहतो आणि मुलगा केवळ विचारायला शिकतो. त्यापेक्षा छोटी मासिक रक्कम द्यावी आणि ती वीस तारखेलाच संपली, तर पुन्हा भरू नये. हे पालकांना जड जाते. शाळेचा प्रवास, वह्या-पुस्तके यांचा खर्च आधीच वेगळा काढलेला असेल, तर ते दहा दिवस कोरडे गेल्याने काही बिघडत नाही. महिनाअखेर मुलाशेजारी बसून व्यवहारांची यादी वाचावी. उलटतपासणी मात्र करू नये. रोजचे तीस रुपये पंचवीस दिवसांत साडेसातशे होतात, हे त्याला स्वतःच बेरीज करून कळू द्यावे.

पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हेही याच बैठकीत सांगून ठेवावे. मुले फसतात, त्याहून अधिक नुकसान ती बोलणी बसतील या भीतीने गप्प राहतात म्हणून होते. फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर जितकी लवकर होईल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. तो क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आजच साठवून द्यावा, आणि असे काही घडल्यास आधी तक्रार करू, रागावणे नंतर, हेही त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे.