सशाला शिंगं असतात!

शशशृंग म्हणजे जगात नसलेली वस्तू. वामनपंडितांच्या त्या प्रसिद्ध श्लोकामुळे हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण १९६७ साली लंडनमध्ये व्हॅलेंटाइन आणि ग्रीन या दोघा शास्त्रज्ञांनी सशाच्या अँटिबॉडी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरल्या, आणि दिसली चक्क बेचकी! एक दांडा, वर दोन फाटे. म्हणजे सशाला शिंगं असतात. रानात हिंडून मात्र सापडत नाहीत, कारण ती असतात रक्तात.

या बेचकीचे तुकडे त्याआधीच पडले होते, तेही पपईच्या चिकाने. मटण मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई लावतात ना, त्यातला पेपेन तो हाच. रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये तो सशाच्या अँटिबॉडीवर सोडला. तीन तुकडे झाले : दोन पकडणारे, एक नुसता दांडा. १९७२ च्या नोबेलमध्ये पोर्टर यांचा वाटा या कामाचा. स्वयंपाकघरात हे श्रेय अजून कोणी मागितलेलं नाही.

आता ही शिंगं करतात काय? माणसाचं एखादं प्रथिन सशाला टोचलं की त्याचं शरीर ओरडतं, ‘हे माझं नव्हे!’ काही आठवडे डोस द्यायचे, मग कानाच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं. त्यातल्या अँटिबॉडी ते प्रथिन हुडकून काढतात. सशाचं काळीज म्हणून आपण ज्याला हिणवतो, तो प्राणी यामुळेच खुनाच्या खटल्यांत उपयोगी पडला.

१९०१ ची गोष्ट. जर्मनीच्या र्‍युगेन बेटावर दोन मुलांचा खून झाला. संशयित लुडविग टेस्नो हा सुतार. कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत, असं त्याचं म्हणणं. पाउल उलेनहुट यांनी त्याच वर्षी सशाच्या सीरमची, म्हणजे अँटिबॉडी असलेल्या रक्तद्रवाची, चाचणी शोधली होती. डागाच्या द्रावात ते सीरम घातलं की रक्त माणसाचं असेल तर पाणी गढूळ होतं. टेस्नोच्या कपड्यांवर माणसाचं रक्त निघालं, आणि शिवाय मेंढीचंही.

असे डाग आपल्याकडेही तपासले जातात; नाशिकलाही प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. मुद्देमाल सील होऊन अशा प्रयोगशाळेत जातो आणि तपास ‘सीए रिपोर्ट’ची, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरच्या अहवालाची, वाट बघत बसतो. डाग रक्ताचा आहे का, आणि असला तर माणसाचा का, हे तिथले जुनेच प्रश्न. गंमत म्हणजे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये ज्यांचा अहवाल पुरावा म्हणून थेट चालत असे, अशा तज्ज्ञांच्या यादीत ‘सरकारचे सीरॉलॉजिस्ट’ होते आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही! सर्पदंशावरच्या प्रतिविषामुळे आपल्याला ठाऊक असलेली ही संस्था. त्या प्रतिविषातही अँटिबॉडीच असतात, फक्त घोड्याच्या.

सशाच्या सीरमच्या चाचणीत एक घोळ मात्र आहे. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या वाटेवरच्या वानराचं रक्त या चाचणीला दिलं, तर सशाचं सीरम थोडंफार गढूळ होऊ शकतं. वानर आपला भाऊबंदच. जॉर्ज नटॉल यांनी हजारो चाचण्या करून १९०४ साली या गढूळपणावरूनच प्राण्यांची नाती मांडली. अंजनेरीला हनुमंताचं जन्मस्थान मानणाऱ्यांना हे नातं नवं नाही म्हणा.

सशाच्या अशा अँटिबॉडींना पॉलिक्लोनल म्हणतात. शब्द अवघड वाटतो, पण तो आपल्या मिसळीत आहे. मटकी, फरसाण, कांदा, रस्सा : प्रत्येकाची चव वेगळी, पण ताटली एकच. सशाच्या शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी त्याच प्रथिनाचा वेगवेगळा कोपरा पकडणाऱ्या अँटिबॉडी बनवतात. त्या सगळ्यांची मिसळ म्हणजे पॉलिक्लोनल. एक कोपरा झाकला गेला तरी दुसरा सापडतो. तोटाही मिसळीचाच. दोन सशांची तर्री सारखी नसते, आणि ससा गेला की ती चव गेली. संशोधक म्हणूनच बाटलीवरचा लॉट नंबर आधी बघतात.

या मिसळीचं भलंमोठं ताट वाढलं स्वीडनने. ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलास हा २००३ मध्ये सुरू झालेला प्रकल्प, म्हणजे माणसाचं कुठलं प्रथिन कुठल्या अवयवात आहे याचा नकाशा. त्यातल्या बऱ्याचशा अँटिबॉडी सशाच्या, पॉलिक्लोनल. आणि या अँटिबॉडी लावून रंगवलेल्या ऊतींची चित्रं तपासली कोणी? मुंबईतल्या पॅथॉलॉजिस्टांनी! तपकिरी डाग कुठे गडद, कुठे फिका, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून नोंदवलं. २०१५ मध्ये ‘सायन्स’ मासिकात आलेल्या या प्रकल्पाच्या गाजलेल्या लेखात मुंबईच्या डॉ. संजय नवानींचं नाव सहलेखकांत आहे.

त्या तपकिरी रंगाची साखळी तर लहान मुलांच्या गोष्टीसारखी. माणसाच्या प्रथिनाला धरतो ससा. सशाच्या अँटिबॉडीला धरते बहुधा बकरीची अँटिबॉडी. बकरीच्या पाठीवर बसलेलं असतं मुळा-मोहरीच्या कुळातल्या एका झाडाचं एंझाइम, आणि ते रंग चढवतं.